वर्षाला दीडशे तास चालणाऱ्या तेलकेंद्राचा खर्च जातो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: १६ मेगावॅटचं एकच इंजिन असलेलं, फर्नेस ऑइल या जड तेलावरचं एक जुनं वीजकेंद्र आहे. संध्याकाळची मागणी फार चढली किंवा एखादी लाइन गेली की तेवढ्यापुरतं चालतं, वर्षाला साधारण १५० तास. नुसत्या तेलाचा हिशेब केला तर युनिटला दहा-साडेदहा रुपये पडतात. पण वर्षाच्या एकूण खर्चाला युनिटांनी भागलं की पस्तीसच्या आसपास आकडा येतो. मधले पंचवीस रुपये जातात कुठे? कुठे गळती आहे का? आणि असं केंद्र ठेवायचंच कशाला?

तेलावरच्या इंजिनांवर मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक दक्षिणेत. तुम्ही दिलेले आकडे पाहता गळतीचा संशय घ्यावा असं मला काही दिसत नाही. या केंद्राचा निम्म्याहून जास्त खर्च वीज बनवण्यावर होतच नाही. बोलावणं आलं की पंधरा मिनिटांत उभं राहता यावं, यासाठी तो होतो. हे पैसे तासांचे नाहीत, वर्षाचे आहेत. त्यांना युनिटांनी भागलं की गणित बरोबर येतं, पण अर्थ चुकतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात हा प्रकार फारसा कुणी पाहिलेला नसतो, कारण आपल्याला कोयना आहे. १,९६० मेगावॅट, आणि पाणी सोडलं की काही मिनिटांत लोड घेतं. त्या पाण्यालाही मर्यादा आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच दिलंय, म्हणून ते सकाळ-संध्याकाळच्या गरजेसाठी राखून वापरतात. केरळकडे इडुक्कीचं ७८० मेगावॅटचं जलकेंद्र आहे, पण तेव्हा बाकी राज्यही बहुतेक पाण्यावरच अवलंबून होतं. पावसाने दगा दिला की धरणातलं पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं, आणि संध्याकाळी सहा ते दहाची मागणी तर थांबत नाही. म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या वीज मंडळाने दोन तेलकेंद्रं उभारली. कोचीजवळ ब्रह्मपुरमला २१.३२ मेगावॅटची पाच इंजिनं, कोळिकोडजवळ नल्लळमला १६ मेगावॅटची. (ब्रह्मपुरम हे नाव तुम्ही मार्च २०२३ मध्ये कचरा डेपोच्या आगीच्या बातम्यांत ऐकलं असेल. तेच गाव.) तुमचं १६ मेगावॅटचं इंजिन नल्लळमच्या जातीचं आहे, तेव्हा त्याच मापाने हिशेब मांडतो. खालचे रुपयांचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. भाव बदलले तर तुम्ही आपले घाला, मांडणी तीच राहील.

आधी तेल. इंजिनाच्या माहितीपत्रकात खप दिसतो १८५ ग्रॅम प्रति युनिट. तो आकडा कधीही तसाच उचलू नका. तो चाचणीच्या डिझेलवर काढलेला असतो, किलोला ४२,७०० किलोज्यूल उष्णता धरून. फर्नेस ऑइलमध्ये ती ४०,५०० च्या आसपास असते. म्हणजे तिथेच १८५ चे १९५ झाले. खप ५ टक्के जास्त आला तरी चालेल अशी सवलत कंपनी स्वतःसाठी ठेवते, आणि जुनं इंजिन ती पूर्ण वापरतं. झाले २०५. हे काही वाईट नाही. तेलातल्या उष्णतेपैकी जवळपास ४३ टक्के वीज झाली, आणि जुन्या इंजिनाला हे चांगलंच म्हणायचं. पूर्ण लोडवर तासाला ३.२८ टन तेल लागतं. कर धरून ५०,००० रुपये टन धरला तर युनिटला सव्वादहा रुपये. त्यातला दीड रुपया नुसता जीएसटी आहे: फर्नेस ऑइलवर १८ टक्के लागतो, वीज मात्र करमुक्त, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट कुठेच मिळत नाही. नव्याने हिशेब करणारे बहुतेक जण इथे चुकतात. कारखान्याच्या सवयीने कर वजा धरतात.

यात वंगण तेल घाला. युनिटला पाऊण-एक ग्रॅम, म्हणजे १५-१६ पैसे. नोझल, व्हॉल्व्ह, रिंगा, बेअरिंग असे तासांवर झिजणारे सुटे भाग धरा ७० पैसे. आणि मग तो खर्च जो कागदावर कधीच वेगळा दिसत नाही: स्टार्टचा. थंड पडण्याआधी इंजिन डिझेलवर आणावं लागतं, नाहीतर पंप आणि नोझलमध्ये जड तेल गोठून बसतं. सुरू करतानाही पहिला अर्धा तास बऱ्याचदा डिझेलवरच जातो. सुरू-बंद धरून एका खेपेला साधारण ७७० किलो डिझेल जळतं. डिझेल किलोला १०८ आणि फर्नेस ऑइल ५० धरलं तर फरक ४५,००० रुपये. तीन तासांच्या खेपेत ४८,००० युनिट होतात, म्हणजे युनिटला ९० पैशांहून जास्त. खेप एका तासाची असेल तर हाच आकडा पावणेतीन रुपयांवर जातो. लोड डिस्पॅचमधल्या, म्हणजे कुठलं केंद्र कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या मंडळींना मी हे कायम सांगत आलो, की बोलवायचंच असेल तर तीन तासांसाठी बोलवा, पाऊण तासासाठी नको.

हे सगळं मिळून १२ रुपये. चालण्याचा खर्च इथे संपला.

आता उभं राहण्याचा. तुमच्या केंद्रात किती माणसं आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण शिफ्ट इंजिनिअर, ऑपरेटर, इलेक्ट्रिशियन, फिटर, बॉयलरवाला, अग्निशमन, सुरक्षा, स्टोअर, प्रयोगशाळा, आणि हे सगळं तीन पाळ्यांत सुट्ट्या भरून काढत, असं धरलं तर ३५ च्या खाली येत नाही. सरासरी महिना ५०,००० धरले तर वर्षाला २ कोटी १० लाख. इंजिन १५० तास चाललं काय, पाच तास चाललं काय, हा आकडा हलत नाही. कारण संध्याकाळी पावणेसातला फोन येणार की नाही हे दुपारी तीनला माहीत नसतं.

मग ऊब. हा शब्द मी मुद्दाम वापरतो. फर्नेस ऑइल ५० अंशांच्या खाली पंपाला नीट ओढवत नाही. प्युरिफायरमध्ये, म्हणजे तेल साफ करणाऱ्या यंत्रात, ते ९८ अंशांवर न्यावं लागतं, आणि इंजिनाच्या तोंडाशी १३०-१४० वर, तेव्हा कुठे नोझलमधून नीट फवारा होतो. आमच्याकडे काही वर्षं एलएसएचएस होतं. बॉम्बे हायच्या तेलातून निघणारा हा जड गाळ. गंधक कमी, म्हणून इंजिनाला चांगला, पण मेण फार. टँकर रिकामा करताना होजच्या तोंडातून शेरभर जमिनीवर सांडलं तर पाच मिनिटांत त्याची काळी, चकचकीत वडी होते. खुरप्याने सोलून काढावी लागते. दक्षिणेतल्या एप्रिलमध्ये, बाहेर ३८ अंश असताना. हे तेल नळीत एकदा थिजलं की त्या नळीला वितळवायला पाळी जाते. म्हणून प्रत्येक नळीशेजारून वाफेची बारीक नळी, वर लोकरीचं वेष्टन, वर पत्रा. आणि एक लहान बॉयलर, जो वर्षाचे ३६५ दिवस फक्त तेल गरम ठेवायला जळतो. दिवसाला ३०० किलो धरा. वर्षाला ११० टन, ५५ लाख रुपये.

यात एक गोष्ट लक्षात आली का? १५० तासांत इंजिन जेवढं तेल जाळतं ते ४९२ टन. त्याला ऊब देण्यासाठी ११० टन. पाचवा हिस्सा नुसता वाट पाहण्यात जळाला.

वीजही तशीच. इंजिनाचं जॅकेट वॉटर, म्हणजे सिलिंडरांभोवती फिरणारं पाणी, ६० अंशांच्या आसपास ठेवायचं, वंगण तेल थोड्या थोड्या वेळाने फिरवत ठेवायचं, इंजिन सुरू करायच्या हवेच्या बाटल्या ३० बार दाबाला भरलेल्या हव्यात, बॅटरी चार्जर, दिवे, पंप, नियंत्रणकक्षाचा एसी. सरासरी १२० किलोवॅट म्हटलं तर फार नाही. त्याला ८,७६० तासांनी गुणा: साडेदहा लाख युनिट. नऊ रुपयांनी ९५ लाख. आता हा आकडा तुमच्या उत्पादनाशेजारी ठेवा. १५० तासांत तुम्ही २४ लाख युनिट बनवता. एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला, बाजारात वीज स्वस्त राहिली आणि इंजिन वीसच तास चाललं, तर बनतील ३ लाख २० हजार, खाल साडेदहा लाख. वीजकेंद्र वर्षभरात ग्रिडकडून जास्त घेऊन कमी देतं. वार्षिक आकड्यांत निव्वळ उत्पादन उणे दिसतं आणि बाहेरच्या माणसाला तो छापखान्याचा दोष वाटतो. तो दोष नाही.

बाकी पटकन. टाकीतलं हजार टन तेल ५ कोटींचं, स्टोअरमधले सुटे भाग २ कोटींचे, त्यावर १० टक्के व्याज म्हणजे ७० लाख. विमा, परवाने, प्रदूषण मंडळाची संमती, चिमणीच्या चाचण्या, गाळ अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडे पाठवणं असे ५० लाख. आणि कॅलेंडरप्रमाणे होणारी देखभाल, जी इंजिन चालो न चालो करावीच लागते, कारण रबर वयाने कडक होतं आणि कूलरच्या नळ्या पाण्यात उभ्या राहून जास्त सडतात: ८० लाख. बेरीज ५ कोटी ६० लाख.

आता भागा. १५० तासांना २३ रुपये ३३ पैसे. त्यात चालण्याचे १२ मिळवले की सव्वापस्तीस, म्हणजे तुमचाच आकडा. रोज चार-पाच तास, वर्षाला १,५०० तास चाललं तर १४ रुपये ३० पैसे. वीसच तास चाललं तर १८७ रुपये. तेच इंजिन, तीच माणसं, तीच कार्यक्षमता. १८७ वाल्या वर्षी कुणी वाईट काम केलेलं नसतं; त्या वर्षी पाऊस चांगला झालेला असतो. म्हणून अशा केंद्राचा दर युनिटवर सांगूच नये. ५ कोटी ६० लाखांना १६,००० किलोवॅटने भागा: किलोवॅटमागे वर्षाला ३,५०० रुपये, महिन्याला ३०० च्या आत. ही तयारीची किंमत. ती महाग की स्वस्त हे ठरवायचं तर दुसऱ्या कुणाच्या तयारीच्या किमतीशी तुलना करायला हवी, कोळशाच्या युनिटदराशी नाही.

तयारी म्हणजे काय, ते एका संध्याकाळचं सांगतो. खासगी केंद्र होतं, नाव सांगत नाही. इंजिन सहा दिवस बंद. आमचा थोरला फिटर, ज्याला वयाने मोठा म्हणून आम्ही सगळे चेट्टा म्हणायचो, दर आठवड्याला आणि प्रत्येक स्टार्टच्या आधी अठराही सिलिंडरांचे इंडिकेटर कॉक (आत उघडणारे छोटे नळ) उघडायचा, इंजिन हवेवर सावकाश फिरवायला सांगायचा आणि प्रत्येक कॉकसमोर वर्तमानपत्राचा चतकोर कागद धरायचा. कोरडी हवा आली की कागद नुसता फडफडतो. त्या दिवशी सात नंबरच्या कॉकसमोर कागद भिजला. तेलकट नाही, स्वच्छ पाण्याने. चेट्टाने हात वर केला आणि सगळं थांबलं. सिलिंडर हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला, केसाएवढी चीर होती. सहा दिवसांत जॅकेटचं पाणी थेंब थेंब आत उतरलं होतं. पाणी दाबलं जात नाही. तसंच पूर्ण हवेने इंजिन मारलं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकला असता, कदाचित क्रँकशाफ्टही गेला असता, आणि मग काही महिने केंद्र बंद आणि कोट्यवधींचा खर्च. त्याऐवजी झालं काय, तर स्टोअरमध्ये एक तयार हेड होतं, ते रात्रभरात चढवलं. सकाळी इंजिन तयार.

ते हेड चार वर्षं स्टोअरमध्ये पडून होतं, आणि दर वर्षी ऑडिटमध्ये त्यावर शेरा यायचा: न हललेला माल. खर्च कमी करायचा असं ठरलं की वरून पहिल्यांदा कात्री चालते ती याच तीन गोष्टींवर. पडून असलेले भाग, न चालणाऱ्या इंजिनाजवळची माणसं, आणि ऊब. टाकी थंड करायचा निर्णय मी एकदा जवळून पाहिलाय. वर्षाला पन्नास-साठ लाख वाचतात हे खरंच, पण त्यानंतर केंद्र पंधरा मिनिटांत येत नाही, दहा-बारा तासांत येतं. बारा तासांनी येणाऱ्या केंद्राने पीकिंग केंद्र, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी धावून येणारं केंद्र, म्हणून पैसे मागू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचवायचंच असेल तर वेष्टन दुरुस्त करा, बॉयलरची वाफ कुठे फुकट जाते ते ट्रॅप (पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या झडपा) तपासून शोधा, तेल दोनऐवजी एका टाकीत ठेवा. यात पंचवीस-तीस टक्के ऊब वाचलेली मी स्वतः मोजलेली आहे, आणि तयारी एका मिनिटानेही कमी झाली नाही.

मग इंजिनच का, टर्बाइन का नाही? हा विचार करण्याजोगा आहे. चेन्नईत बेसिन ब्रिजला ३० मेगावॅटचे चार गॅस टर्बाइन आहेत, नाफ्था या हलक्या तेलावर. टर्बाइन उभा ठेवायला स्वस्त: डिझेलला ऊब लागत नाही, माणसं कमी लागतात, दहा मिनिटांत येतो. पण जळतो फार. लहान, साध्या टर्बाइनला लिटरमागे २.७ युनिट मिळतात, चांगल्या इंजिनाला चारच्या वर. ९० रुपये लिटरच्या डिझेलने टर्बाइनचं युनिट ३३ रुपयांना पडतं, आपल्या इंजिनाचं १२ ला. फरक २१ रुपये. टर्बाइनची तयारी वर्षाला २ कोटींत भागते असं धरलं तर ३ कोटी ६० लाख वाचले. त्यांना २१ ने भागलं की १७ लाख युनिट, म्हणजे १६ मेगावॅटला १०७ तास. वर्षाला शंभर तासांच्या आत चालणार असेल तर टर्बाइन बरा, वर गेलं तर इंजिन. अमेरिकेत ९ नोव्हेंबर १९६५ ला न्यूयॉर्कसह ईशान्य भाग अंधारात गेला, त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी विमानाच्या इंजिनांपासून बनवलेले असे लहान तेल-टर्बाइन ठिकठिकाणी बसवले, कारण ग्रिड पूर्ण पडल्यावर ते स्वतःच्या बळावर सुरू होतात. त्यातले कित्येक वर्षाला मोजके तास चालत पुढे अनेक दशकं राहिले. आणि त्याच भागात २०१७ च्या डिसेंबरअखेरीपासून दोन आठवडे कडाक्याची थंडी पडली, गॅस घरं तापवायला गेला, तेव्हा न्यू इंग्लंडच्या तेलकेंद्रांनी सुमारे २० लाख बॅरल तेल जाळलं. तेवढ्या दोन आठवड्यांसाठी ती सगळी वर्षं उभी होती.

पैसे कोण देतं, हा शेवटचा भाग, आणि तुमच्या केंद्राचं भवितव्य त्यावर आहे. नुसत्या बाजारावर हे केंद्र जगणार नाही. वीज एक्सचेंजच्या रोजच्या बाजारात २०२३ पासून १० रुपयांची कमाल मर्यादा आहे. आपला चालण्याचाच खर्च १२. महाग विजेसाठी त्याच वर्षी वेगळा उपबाजार उघडला, २० रुपयांच्या मर्यादेचा. तिथे तुम्हाला प्रत्येक युनिटला ८ रुपये सुटतील असं धरलं, तरी ५ कोटी ६० लाख भरून काढायला ७० लाख युनिट विकायला हवेत, म्हणजे ४३७ तास, तेही सगळे कमाल भावाने. ते होत नाही. म्हणून करारात दोन भाग हवेतच: उपलब्धतेवर मिळणारा स्थिर आकार आणि चाललं तेवढ्या युनिटांचा वेगळा. स्थिर आकार देणाऱ्याने बदल्यात उपलब्धता कडक तपासावी; न सांगता बोलवून पाहावं, आणि पंधरा मिनिटांत आलं नाही तर पैसे कापावेत. मी केंद्राच्या बाजूचा माणूस असून हे म्हणतो.

बॅटरी आता संध्याकाळचे दोन तास यापेक्षा चांगले सांभाळते. नवीन बांधायचं असेल तर दोन तासांसाठी तेलकेंद्र बांधा असं मी कुणाला सांगणार नाही. पण तुमचं केंद्र बांधून झालेलं आहे, भांडवल फिटलेलं आहे. पावसाने दगा दिलेल्या वर्षी सलग सहा आठवडे रोज पाच तास देणं, किंवा वादळात लाइन पडल्यावर चार दिवस अखंड चालणं हे दोन तासांच्या बॅटरीला जमत नाही, टाकीत हजार टन तेल असलेल्या इंजिनाला जमतं. साधारण साडेबारा दिवस, टँकर आला नाही तरी.

तेव्हा खर्चाचा ताळेबंद बाजूला ठेवा आणि केंद्रातून स्टार्टचं रजिस्टर मागवा. गेल्या दोन वर्षांत किती वेळा बोलावणं आलं, किती वेळा पंधरा मिनिटांत लोड घेतलं, किती वेळा फसलं आणि कशामुळे, एवढं त्यात असतं. सोबत स्टोअरमध्ये तयार सिलिंडर हेड किती आहेत आणि टाकीचं तापमान रात्री दोनच्या नोंदीत किती आहे तेही बघा. दिवसाची नोंद नको, रात्रीचीच बघा. हे आकडे इथे टाकलेत तर ५ कोटी ६० लाखांतला नेमका कुठला रुपया कमी करता येईल ते मी सांगू शकेन.